पंख्याखालची खुर्ची

बाबांच्या अंगठ्याला टाके पडले त्या दिवसापासून गॅरेजच्या शटरची किल्ली आईच्या कमरेला होती.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी गाडी विकली आणि इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसच्या रिकाम्या गॅरेजात लाकूड कातण्याचा लहानसा लेथ आणून बसवला. पाटबंधारे खात्यात कागदावर पाण्याची वळणे आखण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस निवृत्तीनंतर सागवानातून वळणे काढू लागला. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले, तेव्हा त्यांनी पाळण्याचे गज कातायला घेतले होते. गॅरेजात एकच ट्यूब, तीही पाठीमागच्या भिंतीवर. लेथवर वाकले की त्यांच्याच डोक्याची सावली कामावर पडे. त्या सावलीत अंगठा फिरत्या लाकडाला लागला. आता कातून झालेले गज दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभे होते, मधाच्या रंगाचे. उरलेले शटरआड, अजून नुसते लाकूड. बाबा जाता-येता गजांवरून हात फिरवीत. शेवटच्या गजानंतरही तो हात क्षणभर तसाच हवेत पुढे जाई.

“सावली पडणार नाही असा उजेड आणि घाम डोळ्यांत उतरणार नाही असा पंखा,” आईने अट घातली. “नाहीतर लेथ विकायचा. पाळणा विकत मिळतो, अंगठा मिळत नाही.”

“विकतच्या पाळण्यात आपलं नातवंड झोपायचं नाही.”

“तुम्हाला सांगून गेलंय वाटतं?”

कॅनडा कॉर्नर चौकातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात बाबा थेट पिवळ्या दिव्यांखाली जाऊन उभे राहिले. त्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या केसांनाही जुन्या पितळेची झाक आली.

“बघ अंजली, यात लाकूड जिवंत दिसतं,” ते आईला म्हणाले.

“लाकूड दिसेल हो. बोटं दिसतील का?”

आईने पर्समधून सुई-दोरा काढला. बाळासाठी ती गोधडी शिवत होती, त्यातलाच. “ज्या दिव्याखाली तुम्ही ओवाल, तो घ्यायचा.”

“इथे? सगळे बघतायत.”

“बघू देत. बायकोसमोर सुई ओवताना कुणाची अब्रू गेलेली मी ऐकली नाही.”

पिवळ्याखाली दोरा तीनदा सुईच्या बाजूने निसटला. दुकानदाराने पांढऱ्याशुभ्र, लांब पट्ट्यांचे दिवे लावले. दोरा पहिल्याच खेपेस आत गेला. बाबांनी सुई विजयाने उंच धरली. तरी निघताना त्यांनी एक पिवळा दिवा हळूच पिशवीत टाकला. आईने तो पाहिला आणि पाहिला नाही.

पंखा मात्र तिने निवडला, मोठ्या पात्यांचा. “पंख्याने भुसा उडतो गं,” बाबा कुरकुरले. “उडू दे. मी झाडीन.” आणि मल्हारी वायरमन शिडी लावून उभा राहिला, तेव्हा तिनेच छताकडे बोट केले: “बरोबर लेथच्या वर. वारा ह्यांना लागायला हवा.”

दिवे छताला चिकटून दोन्ही अंगांना बसले, पंखा त्यांच्याखाली आला. मल्हारीने बटणे दाबली. पाती फिरू लागली आणि सगळे गॅरेज थरथरू लागले. उजेडाचे तुकडे भिंतींवरून, आमच्या चेहऱ्यांवरून, लेथवरून धावत सुटले. बाबांनी लेथ सुरू केला. लाकूड फिरले, आणि मग माझ्याही डोळ्यांना ते संथ होत होत थांबल्यासारखे दिसले. बाबांचा हात उचलला गेला. ते लाकूड चाचपायला निघाले होते.

आईने मुख्य बटण खाली ओढले.

शटरखालून येणाऱ्या दुपारच्या उजेडात लेथ घरघरत मंद होत गेला.

“हात का नेलात?”

“थांबलंय असं वाटलं.” बाबांचा आवाज लहान झाला होता. “पाती उजेड तोडतात, अंजली. तुटक्या उजेडात फिरतं लाकूड उभं दिसतं.”

“म्हणजे मीच—” आईने वाक्य गिळले. “मल्हारी, सगळं उतरव. लेथ विकून टाकू.”

मल्हारी शिडीवर तसाच थबकला. “काकू, आत्ताच तर चढवलं.”

बाबांनी दारापाशी भिंतीला टेकलेली वेताची खुर्ची पाहिली. तिच्या पाठीवर आईच्या गोधडीचा एक कोपरा लोंबत होता. दुपारी ते काम करीत तेव्हा आई तिथेच शिवत बसे, अंगाशी पदराने वारा घेत. अंगठ्याला टाके पडले त्या दुपारी मात्र ती दूध तापवायला आत गेली होती.

“पंखा तिकडे लाव, मल्हारी. खुर्चीच्या वर.”

“काका, मग तुम्हाला वारा?”

“पोचेल तेवढा पोचेल. घाम पुसायला मी गळ्यात पंचा घेईन. आणि पंख्याखाली हा लाव.” त्यांनी पिशवीतून पिवळा दिवा काढला. “पात्यांच्या खाली, भिंतीवर. तिला लाल दोरा पिवळ्यात बरा दिसतो.”

“मी काही रोज इथे बसणार नाही,” आई म्हणाली.

“रोज बसतेसच की.”

“ती तुमच्यावर नजर ठेवायला.”

“मग नजरेला वारा नको?”

आई हसली नाही. पण पंखा तिकडे हलवून होईपर्यंत शिडी तिनेच धरून ठेवली.

संध्याकाळी पुन्हा बटणे दाबली गेली. लेथवर उजेड अखंड, स्थिर, पाण्याच्या तळासारखा स्वच्छ. फिरते लाकूड फिरतेच दिसत होते. आईने लेथच्या वर, अंतर राखून, स्वतःचा तळवा धरला, उलटा-सुलटा केला. सावली कुठेच गोळा झाली नाही. तिने लेथ बंद करायला लावला आणि सुई पुढे केली. बाबांनी टाक्यांच्या अंगठ्यानेच दोरा ओवला.

सुई परत घेऊन ती पंख्याखाली जाऊन बसली. कमरेची किल्ली टोचत असावी. तिने ती काढली आणि न बघता माझ्या हातात दिली.

“आभा, बाबांना दे. आणि सांग, मी आत गेले की लेथ बंद.”

बाबांनी गज चढवला. पटाशीची धार लाकडाला टेकवण्याआधी त्यांनी एकदा मागे वळून खुर्चीकडे पाहिले.