वरचा आवाज

प्लेगनं आमच्या मठातल्या अकरा जणी नेल्या, आणि पाठोपाठ पोथी गेली. शहरातली माणसं तोंडाला व्हिनेगरची फडकी बांधून आली. आजाऱ्यांची अंथरुणं, झगे आणि साऱ्यांचे हात लागलेली ती गाण्याची मोठी पोथी त्यांनी लाय नदीच्या काठावर नेऊन जाळली.

त्या पोथीत क्लेमेन्स आईनं मृतांसाठी रचलेली चार आवाजांची मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या विधीत गायची प्रार्थना, होती. आई आमची गानप्रमुख. साथीत पहिली तीच गेली. मिस्सेची दुसरी प्रत नव्हती. आमच्याकडे आवाज एकाखाली एक लिहीत नाहीत. उघड्या पोथीच्या चार कोपऱ्यांत चार आवाज, आणि ज्या त्या बाईनं आपापला कोपरा बघायचा. सात वर्षं मी माझाच बघितला.

माझ्या कोपऱ्यात आईचं काहीच नव्हतं. तिथं होतं एक जुनं स्तोत्र, साऱ्या फ्लँडर्सला पाठ असलेलं. त्याचा एकेक सूर ताणून धरायचा, मनात मात्रा मोजायच्या, हलायचं नाही. आईनं जे रचलं ते माझ्या वरून नि खालून वाहायचं. ते कसं वाहायचं, हे पुलाच्या खांबाला काय ठाऊक?

खालचा आवाज माख्टेल्डबरोबर गेला, दुसरा इसेनट्रूडबरोबर. उरली वरचा गाणारी गोडेलीव्ह. मंगळवारी तिच्याही काखेत गाठ आली.

बुधवारी सकाळी मी कागदावर सूर मांडायला पाचपाच रेघा ओढल्या, शाईची दौत घेतली आणि तिच्या खोलीत गेले.

“आलीस का बैलोबा?” ती म्हणाली. एका सुरावर उभी राहते म्हणून मला हेच नाव होतं. “लांब बस. मरायची हौस आहे का?”

“तू गा, मी लिहिते. आईचं तेवढं तरी राहू दे.”

“सात वर्षांत कधी म्हणाली नाहीस, गोडेलीव्ह, छान गातेस गं. आता आली कागद घेऊन!”

“छान गातेस.”

“उशीर झाला, बाई.” ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली. “एकदाच गाईन हं. दुसऱ्यांदा भाता चालायचा नाही. सूर दे.”

मी माझ्या स्तोत्राचा पहिला सूर दिला. तिनं डोळे मिटले आणि उचललं.

पहिले चार सूर मी लिहिले. मग तिचा आवाज चढला, जवसाच्या निळ्या शेतावरून चंडोल चढावा तसा, आणि माझ्या पुढच्या सुराची वेळ झाली. तो मी दिला. कसा दिला, का दिला, मला कळलं नाही. गळा सात वर्षांचा शिकलेला. तिनं श्वास घेतला की त्यानं पुढं व्हायचं. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार, धर. एक, दोन, तीन, चार, सोड. ती माझ्यावर टेकत होती, मी तिला पेलत होते. ताप, गाठ, काखेचा वास, काही राहिलं नव्हतं. इतकं एकजीव आम्ही कधीच गायलो नव्हतो.

शेवटचा सूर दोघींनी एकत्र सोडला.

“लिहिलंस?” तिनं डोळे न उघडता विचारलं.

माझी लेखणी वाळली होती. चार सुरांपुढं नुसत्या रेघा.

“लिहिलं.”

“शेवटी आईची चाल कशी खाली येते, ते वळण?”

“तेही.”

“मग बरं,” ती म्हणाली. “बैल असलीस तरी कामाची आहेस.”

दुपारच्या प्रार्थनेआधी ती गेली.

वसंतात बिशपांनी दुसऱ्या मठातून सहा मुली पाठवल्या. मला म्हणाल्या, “डिग्ना ताई, क्लेमेन्स आईची मिस्सा शिकवा ना. आमच्याकडे फार नाव ऐकलंय.”

मी कागद काढला. चार सूर गायले. पाचवा वर जातो की खाली, मला आठवेना. मोजण्याच्या नादात तो मी कधी ऐकलाच नव्हता. मग माझ्याजवळ होतं ते गायले, सावकाश, मोजून, शेवटपर्यंत.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सर्वांत धाकटी हळूच म्हणाली, “ताई, हे तर आमची आजी गाई चारताना म्हणते.”

“हो,” मी म्हटलं. “म्हणतात.”