टोपीवाल्याची खिडकी

"रक्षिता, ह्यो काळा टोपीवाला कोण गं?"

रुद्रय्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरल्या चित्रावर बोट ठेवून, मान इतकी खाली घालून विचारले, की प्रश्न कीबोर्डलाच ऐकू गेला असावा. २००९ साल. कसबा बावड्याच्या वाटेवर आमच्या पंपांच्या कारखान्याची कचेरी. रुद्रय्या तिथला टपाल कारकून. माणूस असा गुपित्या, की डब्यात भाजी कुठली हे डब्यालाही झाकण उघडल्यावरच कळे.

टायपिस्ट रक्षिताने वाकून पाहिले. "खाजगी खिडकी हाय, काका. हितं बघितल्यालं ह्या कॉम्प्युटरात ऱ्हात न्हाय. आन् खाली लिवलंय की..."

साहेबांची बेल वाजली. ती पळाली.

खालच्या चार ओळी इंग्रजीतच राहिल्या. रुद्रय्याचे इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुरते. त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे रोगाचे नाव एकेक अक्षर शोधून टाइप केले. त्याच्या पाठीवर बत्ताशाएवढा पांढरा डाग उठला होता, आणि तिसऱ्या रविवारी लेकीचा, शांभवीचा, साखरपुडा. मुलगा आमच्याच स्टोअरकीपर बसवेशचा पुतण्या.

पंधरा दिवस तो चित्रे बघत राहिला. पाठी, हात, चेहरे. डाग कुठवर चढतो, एवढेच त्याला हवे होते.

शुक्रवारी साहेबांच्या मशीनने यादी छापली: कुठल्या टेबलावरून काय पाहिले. ती फळ्यावर लागली. टेबल सहा, म्हणजे रुद्रय्याचे: रोगाचे नाव, एकतीस वेळा. दुपारच्या चहापर्यंत त्या नावाचे मराठी, 'कोड', साऱ्या कारखान्याला पाठ झाले. पंपांनासुद्धा, म्हणा ना.

रक्षिता रडवेली झाली. "काका, हपीसला दिसतंय, हे खालच्या वळीत लिवलं हुतं ओ."

"मग वरच्या वळीत का न्हाय लिवलं?"

रक्षिता टेबलावरचे कागद चाळू लागली. मी म्हणजे पंचगंगेला उलटी वाहवून दाखवणारा गप्पिष्ट, पण मीही चहाचे कप गोळा करायला लागलो.

रुद्रय्या स्टोअरमध्ये गेला. "अण्णा, रविवारी येताय न्हवं?"

बसवेश नट आवळायचे पाने मोजत राहिला. "बघू की. पोराच्या आईला इचारतो."

"हे लागत न्हाय, अण्णा. डॉक्टर बोललाय."

"मला ठावं हाय रुद्रय्या. लोकास्नी ठावं न्हाय."

रुद्रय्या परत आला. यादीखाली प्रत्येकाने 'वाचले' म्हणून सही करायची, असा साहेबांचा हुकूम होता. आमच्या सगळ्यांच्या झाल्या होत्या. त्याने चष्मा लावला, पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत यादी सावकाश वाचली, आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. तारीखही घातली.