न आलेल्या विमानाने फोडलेली काच

आमच्या गावावरून सरहद्द जाते म्हणतात, पण ती कुणी पाहिलेली नाही. गावाबाहेर नदी, नदीपलीकडे टेकड्या, आणि टेकड्यांच्या वर आकाशात कुठेतरी ती रेघ आहे. अधूनमधून पलीकडचं लढाऊ विमान ती ओलांडून आत येतं, गावाला वळसा घालतं आणि परत जातं. बॉम्ब टाकत नाही, काही नाही. पण आवाजापेक्षा वेगाने जातं, आणि त्याच्यामागून जो धडाका येतो त्याने खिडक्यांची तावदानं फुटतात. वर्तमानपत्रं याला हवाई हद्दीचा भंग म्हणतात.

माझे बाबा तावदानं बसवायचे. त्यामुळे देशावर जे संकट म्हणून येई ते आमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून येई. आपली विमानंही तिकडे जातात असं आम्ही ऐकून होतो, पण तिकडच्या फुटलेल्या काचा इकडून दिसत नाहीत. बाबांना मात्र त्या दिसायच्या. "पलीकडेही एक काचवाला असणारच की," ते म्हणायचे. "त्याची पोरं आपल्या वैमानिकांनी शिकवली, माझी पोर त्यांच्या."

ती शिकलेली पोर मी. शहरातल्या एका ग्रंथालयात काम करते.

असा हा माणूस धंद्याच्या बाबतीत मात्र अगदीच कच्चा होता. बातम्या तापू लागल्या, दोन्हीकडचे मंत्री एकमेकांना समज देऊ लागले, की बाबा गल्लीत घरोघर जाऊन सांगायचे, "खिडक्यांच्या कड्या काढून ठेवा. थोडी फट ठेवा. तो धक्का म्हणजे आगाऊ पाहुणा आहे. वाट दिलीत तर एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल. अडवलात तर तोडफोड करील."

आई कपाळाला हात लावायची. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले. पण त्यासाठी धोंडा घेऊन दारोदार फिरणारा हा एकच."

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या स्वयंपाकघरात होता. तिथल्या खिडकीची काच मी शाळेत असताना फुटली होती, आणि तेव्हापासून तिथे पुठ्ठा होता. आई म्हणायची, "गावभर उजेड, आणि काचवाल्याची बायको पुठ्ठ्यामागे." बाबा म्हणायचे, "उद्या लावतो." हा उद्या उगवला तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती आणि आजारपणात हातांतली ताकद गेल्याने बाबांचं दुकानात जाणं बंद झालं होतं. घरात बसून करमेना, तेव्हा त्यांना ती खिडकी दिसली.

काच बसवायची रीत साधी आहे. लाकडी चौकटीच्या खाचेत काच ठेवायची, बारीक खिळ्यांनी अडकवायची, मग खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी चारी कडांना अंगठ्याने दाबत न्यायची. शेवटी तिच्यावरून सुरी फिरवायची, म्हणजे ती एकसारखी, गुळगुळीत होते. बाबा त्यानंतर खालच्या कोपऱ्यात डावा अंगठा एकदाच हलकेच टेकवायचे. "सही केल्याशिवाय माल सोडायचा नाही," म्हणायचे.

आमच्या खिडकीला सुरी फिरलीच नाही. चारी कडांना नुसते अंगठेच अंगठे. आईने चष्मा लावून पाहिलं.

"हे काय? उंदीर नाचल्यासारखं दिसतंय."

"घरचंच आहे," बाबा म्हणाले. "चालतंय."

लांबी पुरती वाळायच्या आत बाबा गेले.

मी रजा घेऊन आले आणि राहिले. आई रडली ती थोडीच, तीही भांडी घासताना, नळ चालू ठेवून. मात्र त्या खिडकीला ती कुणाला हात लावू देईना. मी धूळ पुसायला गेले तर म्हणाली, "काच पूस. कडा नको." काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आता दुकान तेच चालवतात. ते एकदा म्हणाले, "वहिनी, लांबीवर रंगाचा हात देतो, नाहीतर तडकेल." आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि रंगाचा डबा उचलून दाराबाहेर ठेवला. काका काय ते समजले.

मग बातम्या तापल्या. पलीकडच्यांनी म्हणे आपलं टेहळणीचं विमान पिटाळून लावलं, आपण म्हणे त्यांची दोन. गल्लीत कुणाला काही सांगावं लागलं नाही. सकाळी मी बाहेर पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या थोड्या थोड्या उघड्या होत्या. फक्त आमची कडी लावलेली. वर आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आणि त्यांच्यावर दुमडलेली गोधडी.

"आई, अगं बाबा काय सांगायचे?"

"काय सांगायचे ते मला नको सांगूस. इतकी वर्षं ऐकत आलेय."

"ऐकलंस कधी?"

"नाही ना ऐकलं! मग आता काय सुरुवात करू?" ती पट्टीचं टोक नखाने दाबत राहिली. "उघडी ठेवली आणि वाऱ्याने आपटली तर?"

"आणि विमानाने फुटली तर?"

"विमान रोज येत नाही. वारा रोज येतो."

तिच्या हिशेबात चूक काढता येईना. समोरच्या खिडकीतून रडारमावशींनी मात्र काढली. हे नाव त्यांना बाबांनी दिलं होतं, आणि त्या ते पदवीसारखं मिरवत. गल्लीतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"काय गं," त्यांनी तिथूनच आईला विचारलं, "नवरा सगळ्या गल्लीला शिकवून गेला, घरच्यांची शिकवणी राहिली वाटतं?"

"माझी खिडकी आहे."

"खिडकी तुझी, पण हवा सगळ्यांची ना? एकटीच कडी लावून बसली आहेस. विमानाला वाटेल इथेच काहीतरी लपवलंय."

"वाटू दे. खाली येऊन विचारलं तर मी सांगेन त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा होत असताना ते आलं. आधी काहीच नाही, मग एकदम, कुणी आभाळाची फळी मोडावी तसा आवाज. लगोलग दुसरा. भांडी मांडणीवरून खाली आली. गल्लीतले सगळे कुत्रे भुंकू लागले. आई गॅस बंद करून आधी खिडकीकडे गेली आणि तिने गोधडी बाजूला केली.

काचेचे तीन तुकडे झाले होते. पट्ट्यांमुळे ते जागच्या जागी अडकून होते, जणू अजून काय करावं ते त्यांचं ठरलं नव्हतं. भोवतीच्या चारी कडा शाबूत. एकही अंगठा हलला नव्हता.

बाहेर लोक एकमेकांना ओरडून विचारत होते. "तुमच्या?" "नाही. तुमच्या?" "एकही नाही!" बाबांचा पाहुणा उघड्या खिडक्यांतून आला आणि गेला होता. अख्ख्या गल्लीत एकच तावदान फुटलं होतं, आणि ते काचवाल्याच्या घरचं.

संध्याकाळी बातम्या लागल्या. आपल्या प्रवक्त्याने सांगितलं की हद्दीत कुठलंही विमान आलेलं नाही, आणि आपण ते ताबडतोब हुसकावून लावलं. पलीकडच्याने सांगितलं की त्यांचं विमान कुठेही गेलेलं नव्हतं, आणि ते सुखरूप परतलं आहे.

आई म्हणाली, "घ्या. म्हणजे ही काच लाजून फुटली."

काका हिरा आणि पटाशी घेऊन आले. हिरा काच कापायला, पटाशी जुनी लांबी खरवडायला. आईला ते न सांगता कळलं. नवी काच त्या खाचेत बसवायची तर जुनी लांबी काढावीच लागते. दुसरा उपाय नाही.

"नुसती काच बदल," ती म्हणाली.

"वहिनी, ती लांबीनेच धरलेली असते."

"मग वरून नवी लाव."

"जुन्या लांबीवर नवी धरत नाही, वहिनी. दादाच सांगायचा."

"तुझा दादा खूप काही सांगायचा." तिने तुकडे एकेक करून हलक्या हाताने सोडवले, कडांना धक्का न लावता. मग कपाटामागे हात घातला आणि तो जुना पुठ्ठा बाहेर काढला. तिने टाकला नव्हता. काकांनी पटाशी खिशात घातली.

पुढे नुकसानीसाठी सरकारी पाहणीवाले साहेब आले. तरुण होते, घामाघूम झाले होते, आणि आपण कशाची पाहणी करतोय हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, कारण जे आलं नाही त्याचं नाव कसं घ्यायचं?

"गल्लीत एवढी एकच?" त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहत विचारलं. "मग खिडकी वाऱ्याने आपटली असेल, काकू."

आईला वाऱ्याचं नाव सहन झालं नाही. "कडी लावलेली होती!"

"तेच तर चुकलं," दारात उभ्या असलेल्या रडारमावशी म्हणाल्या.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी माझ्या काचांच्या बाजूने आहे. त्या आहेत अजून."

साहेबांनी चहा घेतला. जाताना हळूच म्हणाले, "आवाज मीही ऐकला, काकू. माझ्या घरचा आरसा गेला." मग कुणी ऐकलं तर नाही ना, असं आजूबाजूला पाहून ते गेले.

रडारमावशी गेल्या नाहीत. पुठ्ठ्याजवळ जाऊन त्यांनी कडेची लांबी निरखून पाहिली. त्यांना सगळंच दिसतं, तसं हेही दिसलं असणार. पण मऊ बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

"अंगठ्यासाठी एवढं चाललंय होय? मग माझ्या न्हाणीघरात ये ना. तिथल्या खिडकीवर आहे. रोज साबणाच्या पाण्याने धुते मी त्याला, आणि तू इथे सोवळ्यात ठेवलायस."

मला वाटलं, आई आता त्यांना घराबाहेर काढणार. ती पदर खोचून त्यांच्याबरोबर निघाली.

बऱ्याच वेळाने मी बाहेर डोकावले तर आई समोरच्या घरातून निघून शेजारच्या घरात शिरत होती. मग त्याच्या पुढच्या. शिंप्याच्या दुकानात ती स्टुलावर चढलेली मी स्वतः पाहिली. शिंपी स्टूल धरून उभा होता आणि मावशी खालून सूचना देत होत्या. सगळ्या गल्लीच्या खिडक्यांचा असा तपास सैन्यानेही कधी केला नसेल.

ती परत आली ती रागावूनच.

"काय झालं?"

"काय व्हायचंय! तिच्या न्हाणीघराची लांबी बघ जाऊन. आरशासारखी सुरी मारलीय. शिंप्याकडेही तेच. आणि कोपऱ्यात नक्षीसारखा एकच अंगठा. परक्यांच्या घरी काय हात चालायचा हो यांचा! घरी मात्र उंदीर."

सुरी बाबांच्या हातात का राहिली नव्हती हे आम्हा दोघींना माहीत होतं. आई पाणी प्यायली. भांडं पालथं घातलं. मग पुठ्ठ्याकडे पाहत म्हणाली, "सगळ्यांच्या शाबूत आहेत. एकूण एक."

"हो."

"मी सोडून सगळ्यांनी ऐकलं."

मी तिचं पालथं भांडं उचलून मांडणीवर ठेवलं.

"पटाशी आण," ती म्हणाली.

"काकांना बोलावू?"

"त्याला कशाला? लहानपणी लांबी कोण मळायचं? ग्रंथालयात बसून हात गेले का?"

दुकानातून मी काच कापून आणली. लांबी खरवडायचं काम आईने मला दिलं नाही. तिने स्वतः एकेक कड सोडवली आणि पडलेले तुकडे पदराने पुसलेल्या एका पत्र्याच्या डब्यात टाकले. शेवटचा कोपरा निघायला तयार नव्हता. "हट्टी," ती म्हणाली, आणि पटाशीवर जरा जोर दिला.

मी लांबी मळली. जवसाच्या तेलाचा तो वास घरभर झाला तेव्हा आई थोडा वेळ मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मग आली. काच तिने धरली, खिळे मी ठोकले, कडा मी दाबल्या, सुरी मी फिरवली. सुरी माझ्याकडूनही सरळ गेली नाही.

"आनुवंशिक आहे," आई म्हणाली.

कोपरा आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिने डावा अंगठा पदराला पुसला, पुढे केला, आणि इतक्या जोरात दाबला की लांबी दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

"हलकेच टेकवायचा असतो," मी म्हटलं.

"माझी सही मोठी आहे."

संध्याकाळी बातम्यांत पुन्हा इशारे सुरू झाले. यावेळी जशास तसं उत्तर देऊ, असं आपण म्हटलं, आणि तेच वाक्य पलीकडच्यांनीही म्हटलं. आईने आवाज कमी केला. स्वयंपाकघरात जाऊन कडी काढली, खिडकी थोडीशी उघडली आणि ती वाऱ्याने हलू नये म्हणून इतक्या वर्षांच्या त्या पुठ्ठ्याची घट्ट घडी करून फटीत बसवली. हलवून पाहिली. हलत नव्हती.

समोरून लगेच आवाज आला. "अगं, ऐकलंस की गं शेवटी त्यांचं!"

"कुणी ऐकलं?" आईने गॅस पेटवून पातेलं ठेवलं. "चहाची वाफ बाहेर जायला उघडलीय."