साहेबांच्या वाटेतली खापरं

कोसमटोलीत साहेब येणार म्हटल्यावर रेणूच्या अंगात वारंच शिरलं. नवव्या वर्गातली पोरगी. नुकतीच शाळेत भाषण ठोकून टाळ्या घेऊन आलेली, तिला आता वाटे, तोंड उघडलं की काम होतं.

धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या टेकाडावर मोठ्या दगडांचं गोल रिंगण होतं, आणि त्यात पावलापावलाला तांबडी-काळी खापरं. नागपूरहून पाहणीला येणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी ते फार जुनं ठरवलं तर धरणाची भिंत सरकेल, टोली वाचेल, असं रेणूचा आजा दुलीचंद घरोघर सांगत फिरत होता.

पाहुणा यायचा म्हणजे झाडलोट आलीच. शाळेत तपासणी असली की चुना मारतात, तसंच. रेणूनं पोरी गोळा केल्या. दगड घासून धुतले, त्यांना चुना मारला, रिंगण शेणानं सारवलं, मधोमध रांगोळी काढली. खापरं टोपल्या भरभरून वेचली. ती टाकायची कुठं? अन्नपूर्णाकाकीनं सुचवलं, नाल्याजवळ रस्त्याला खड्डे आहेत, साहेबाची जीप फसेल, तिथं भरा. पोरींनी भरली आणि वरून ठोकून बसवलीसुद्धा. आजा बघून खूश. म्हणाला, लग्नघर दिसून राहिलं.

साहेब आले. जीप कुठं फसली नाही. पांढरेशुभ्र दगड बघून ते थबकले, एकावरचा चुना नखानं खरवडला. मग खाली वाकून सगळं रिंगण फिरले आणि म्हणाले, "इथं खापराचा एक तुकडाही कसा नाही?"

"होते न साहेब, लय होते." रेणू ऐटीत पुढं झाली. "आमी सारे वेचले. तुमी येऊन राहिले म्हणून."

"टाकले कुठं?"

"तुमी आले त्याच रस्त्यात."

साहेब रस्त्यापर्यंत चालत गेले. चाकाखाली खापरांचा भुगा झाला होता. ते रागावले नाहीत, त्याचंच रेणूला जास्त लागलं. खोदून बघायला मुदतच नाही, त्यांनी समजावलं. वर जे दिसेल तेवढंच लिहायचं. वर तर ताजा चुना आणि शेण. खापर जागेवर असलं तरच ते काही सांगतं.

"जागेवरून उचललं का त्याचं वय कमी होते का, साहेब?" आजानं विचारलं.

"वय नाही हो कमी होत. पण मग कोणी धरत नाही."

"मंग आमाले उचलाल तवा आमचं बी तसंच का?"

साहेब चष्मा पुसत राहिले. रेणूकडं आज एक भाषण तयार होतं, पाठ केलेलं. ते तोंडातच राहिलं.

जीप आली तशी बिनधोक गेली. पोरींनी रस्ता असा काही पक्का बसवला होता, की पुढं धरणाच्या सामानाचे ट्रक आले तेही त्याच वाटेनं, आणि एकही फसला नाही.