घशातला खटका

आमचे हे सुतार. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून मी नकाराचं 'अं-अं' जितकं ऐकलं, तितकं माझं नावही ऐकलं नसेल. नवा पडदा दाखवला, अं-अं. जावयाने खुर्चीचा पाय ठोकला, अं-अं. दोन 'अं'च्या मधे घसा असा खटकन मिटायचा की पुढे बोलायची सोयच नाही. डोक्यात जायचं माझ्या.

मानेच्या ऑपरेशननंतर ह्यांचा एक स्वरतंतू निकामी झाला. घसा मिटेना. बोलायला गेले की नुसती हवा, पाणी प्यायले की ते श्वासनलिकेत. म्हणून नाकातून नळी घातली.

हॉस्पिटलात बोलण्या-गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, तळहात एकमेकांवर दाबा आणि झटक्यात 'अ' म्हणा. घसा मिटायला लागला की तोंडाने खाता येईल. नाहीतर शुक्रवारी डॉक्टर पोटात नळी घालायचं ठरवतील."

घरी आल्यावर ह्यांनी दोन दिवस केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी विनवलं, चिडले, अबोला धरला. हे ढिम्म.

बुधवारी नळीतून द्यायच्या पावडरीचा डबा काही केल्या उघडेना. चमचा वाकला. शेवटी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली पटाशी घेतली आणि झाकणाखाली खुपसली. जिला धार लावण्यात ह्यांचा अख्खा रविवार जायचा, ती.

"अं-अं!"

डबा हातातून सुटला. वळून बघते तर हे उठून बसलेले, डोळे वटारून.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं. नुसती फुसफुस. मी डबा उचलून पटाशी पुन्हा झाकणाला लावली.

"अं-अं!"

पुढचे दोन दिवस मी घरातलं एक झाकण सोडलं नाही.

शुक्रवारी हॉस्पिटलात बाईंनी 'अ' म्हणायला सांगितलं. नुसती हवा. बाईंचा चेहरा उतरला. मी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पटाशी काढली आणि टेबलाच्या लोखंडी पायावर टेकवली.

"अं-अं!"

बाई दचकल्याच. मग त्यांनी घट्टसर पाण्याचा चमचा पुढे केला. "काका, अस्साच घसा मिटा आणि गिळा." ह्यांनी गिळलं. खोकला नाही. आणखी एक चमचा. तोही गेला.

दहा दिवसांनी नाकातली नळी निघाली. मी बटाटा उकडून, कुस्करून पहिला घास भरवला. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

"मीठ बरोबर आहे ना?"

"अं-अं."

मिठाचा डबा हाताशीच होता. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात?"