ठकूबाईसाठी मोठ्यानं

त्या हॉलला अमेरिकन लोक ‘बार्न’ म्हणायचे. आमच्या कॅम्पच्या सुपरवायझरनं मला त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. बार्न म्हणजे गोठा! सौदीत कतीफच्या दक्षिणेला समुद्रालगत त्यांची वसाहत होती. आत बंगले, हिरवळ, पोहण्याचा तलाव, आणि गाण्याच्या हॉलचं नाव गोठा. पण त्याची कीर्ती मोठी होती. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडचं गावरान गाणं तिथं चालायचं आणि ते ऐकायला माणसं रियाधहून गाडी हाकत यायची.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी वेंगुर्ल्याचा दत्ताराम मेस्त्री, मेन्टेनन्समध्ये सुतार. समुद्राच्या दमट हवेनं बार्नमधल्या स्टेजच्या फळ्या फुगल्या होत्या, त्या बदलायला मला पाठवलं. सहा दिवस काम चाललं. अर्ल नावाचा एक म्हातारा रोज येऊन बसायचा. तो तेलविहिरीवरचा ड्रिलर होता आणि फिडल वाजवायचा. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. नवीन फळी ठोकली की हा तिच्यावर बुटाची टाच आपटून बघायचा आणि मान हलवायचा. काम संपलं त्या दिवशी त्यानं माझ्या हातात दोन पास ठेवले. गुरुवारी ये, दोस्ताला घेऊन ये, असं म्हणाला.

दोस्त म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गुणाजी आला.

गुणाजी वेल्डर. मालवणजवळचा. माझ्याच खोलीत राहायचा. महिन्यापूर्वी त्याची आई वारली. पत्र त्याच्या हातात पडलं ते चौदाव्या दिवशी, म्हणजे तेरावंसुद्धा उलटून गेलं होतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आमच्या अरब मालकाकडे, आणि कफील परदेशी गेलेला, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं बाथरूममध्ये आरशासमोर स्वतःच्या हातानं डोकं भादरलं आणि दुसऱ्या दिवशी वर हेल्मेट चढवून कामावर गेला. रडला नाही. पण बोलणं थांबलं. काही विचारलं तर ‘होय’ किंवा ‘नाय’. जेवायचा, झोपायचा, कामावर जायचा. त्याला हसवायचे सगळे उपाय करून आम्ही थकलो होतो.

“गुरवारी माझ्यावांगडा चल,” मी म्हटलं.

“माका नको.”

“थय सगळे इंग्रजी बोलणारे. एकट्यान जाऊक माका भीती वाटता रे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “बरा,” म्हणाला.

माझ्यासाठी आला तो. भीती मला खरंच वाटत होती, ते त्यानं ओळखलं असणार.

मी सफारी घातली, गुणाजीनं इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर कापडी टोपी. फाटकावर इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, तपासून घेतल्यावर आम्हाला आत सोडलं. बाहेर ऊन रणरणत होतं, हॉलमध्ये एसीचा गारठा. आत दीडशे तरी माणसं. अशा वाळवंटात पुरुषांच्या डोक्यावर ही रुंद कडांची हॅट, पायात उंच टाचांचे बूट, आणि बायकांचे घेरदार झगे. एका कोपऱ्यात पिठाच्या गोड कड्या तळून ठेवल्या होत्या. गाणं सुरू झालं, तशी माणसं स्टेजवर चढून रांगेनं पाय आपटायला लागली. माझा जीव खालीवर. मी गाणं ऐकतच नव्हतो. माझ्या फळ्या काय म्हणतात तेच ऐकत होतो.

“तुम्ही मराठी का?” पुढच्या खुर्चीवरच्या साडीतल्या बाईंनी मागे वळून विचारलं.

त्या डॉक्टर सुहासिनी, पुण्याच्या. तिथल्या सरकारी इस्पितळात होत्या. त्यांची एक अमेरिकन मैत्रीण बँजो वाजवायची म्हणून त्या यायच्या. मराठी शब्द कानावर पडला आणि माझा निम्मा घाम सुकला.

“पहिल्यांदा आलात ना? मग तयारीत राहा,” त्या हसत म्हणाल्या. “इथं नवीन पाहुण्याला वर बोलावतात. नाव सांगायचं, गाव सांगायचं. मग ते लोक त्याच्यासाठी एक गाणं वाजवतात.”

मी घाबरून गुणाजीकडे बघितलं. तो समोर बघत होता.

यान्बूहून एक नवराबायको आली होती. पार तांबड्या समुद्राकडून, केवळ या हॉलसाठी. ती बाई नाव सांगतानाच रडायला लागली आणि तिला कुणी हसलं नाही. त्यांचं गाणं झाल्यावर अर्लनं बोट दाखवून मला बोलावलं. फळीवर टाच आपटून तो काहीतरी बोलला आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. ही जमीन यानं केली, असं तो म्हणाला हे मला मागाहून कळलं. मी “दत्ताराम, वेंगुर्ला, कारपेंटर” एवढंच बोललो.

मग अर्लनं गुणाजीला हाक मारली. मला वाटलं, हा उठून सरळ बाहेर जाणार. पण तो उठला आणि स्टेजवर चढला. माइकसमोर उभा राहिला आणि हळूच टोपी काढली. भादरलेल्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढेही केस आले नव्हते.

“गुणाजी,” तो म्हणाला. मग एकदम मालवणीत सुरू झाला, “माझी आये गेली. म्हयनो झालो. माका चौदाव्या दिवशी कळला. जाऊक गावला नाय.”

हॉलमध्ये कुणालाच काही कळेना. डॉक्टर उठल्या, पदर सावरत स्टेजपाशी गेल्या आणि त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं.

अर्लनं डोक्यावरची हॅट काढली. त्याच्या बाजूच्या गिटारवाल्यानं काढली. मग पुढची रांग, तिच्या मागची, बघता बघता हॉलभर हॅटी खाली आल्या. आत किती टकली माणसं होती ते मला तेव्हा कळलं.

अर्ल हळू आवाजात बोलला. डॉक्टरांनी सांगितलं, “ते म्हणतात, त्यांची आई गेली तेव्हा ते असेच दूरदेशी विहिरीवर होते. पत्र तीन आठवड्यांनी मिळालं. त्यांना तुमच्या आईचं नाव हवंय.”

“ठकूबाई.”

“टाकूबाय,” अर्ल म्हणाला. गुणाजीनं मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, “ठ... ठकूबाई.” अर्लनं तीनदा प्रयत्न केला. नीट जमलं नाहीच.

“काय करायच्या त्या?” डॉक्टरांनी अर्लचा पुढचा प्रश्न सांगितला.

“भाताच्या लावणीक जायची लोकांच्या शेतार. गाणी तीच सांगायची, बाकीच्यो बायलो मागसून म्हणायच्यो.”

डॉक्टरांनी ते सांगितलं. अर्लनं फिडल हनुवटीखाली धरलं आणि डोळे मिटले. आता काहीतरी संथ, रडवणारं सुरू होणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. तेवढ्यात गुणाजी डॉक्टरांकडे वाकला.

“बाईनू, तेंका सांगा, तिका ऐकूक कमी येयचा. जरा मोठ्यान वाजवूक सांगा.”

डॉक्टर आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग सांगितलं. हॉलमध्ये असा हशा उसळला की यान्बूची ती बाईसुद्धा खदखदून हसली. अर्लनं डोळे उघडले, बाकीच्यांना काहीतरी ओरडून सांगितलं, आणि त्यांनी जे धरलं ते छप्पर उडवणारं. माणसं स्टेजवर धावली. खुर्च्या मागे सारल्या गेल्या. गुणाजी मधोमध उभा होता. पाय त्याला जमत नव्हते, पण हात वर करून तो आपल्या भजनात वाजवतात तशी टाळी वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी फळ्या विसरलो आणि वर चढलो.

परतीच्या गाडीत गुणाजी बोलत होता. आईला तिखट कसं लागायचं, ती गोविंदाच्या दिवशी कशी नाचायची, बहिरी असूनही दारातला कुत्रा भुंकला की तिला कसं कळायचं. मी फक्त हुंकार देत होतो.

मी पुढं चार वर्षं बार्नमध्ये जात राहिलो. गुणाजी पुन्हा गेला नाही. “एकदा गेलंय, पुरे,” म्हणायचा. पण शुक्रवारी सकाळी आमच्या खोलीत, तिकडं उघड भजनाला बंदी म्हणून दार लावून, हळू आवाजात त्यानं भजन सुरू केलं. आधी आम्ही चौघं होतो. दिवाळीपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

एकदा मी अर्लला घेऊन आलो. बूट बाहेर काढून तो चादरीवर मांडी घालायला गेला, ते गुडघ्यांना मानवेना, तेव्हा गुणाजीनं त्याला आपली उशी टेकायला दिली. दोन तास म्हातारा हलला नाही. मग आम्ही सुरमईचं तिखलं आणि भात वाढला. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंड लालबुंद झालं, आणि त्यानं ताट पुढं करून दोनदा भात मागून घेतला.