खिडकीचा गज थांबतो तेव्हा

मित्रांनो, माझ्यातून पाहिलंत तर समोरची वस्तू समोर दिसत नाही. ती जरा बाजूला सरकते आणि तिच्या कडांना निळा-तांबडा काठ येतो. मला जग पहिल्यापासून असंच दिसत आलं आहे, त्यामुळे ते तसंच असतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी एक जुना लोलक आहे. मुलं मला प्रिझम म्हणतात. तीन बाजूंचा काचेचा ठोकळा, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं असतानाचं मला काही आठवत नाही, आठवतं ते निवणं. घाईने थंड केलेली काच आतल्या आत ताण धरून बसते आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना तडकते. म्हणून आम्हाला बंद भट्टीत ठेवून हळूहळू, अगदी लाडाने निववतात. ती झोप मला फार गोड लागली. खरं सांगायचं तर ती माझ्या अंगातून अजून पुरती गेलेली नाही. नंतर एका बाईने मला ओल्या भुकटीवर घासलं. दोन बाजू लख्ख केल्या, तिसरी बोटांनी धरण्यासाठी खरबरीत ठेवली. शेवटी मला डोळ्याला लावून तिने दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाला." एवढंच कौतुक, पण त्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

तिथून मी एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आलो. विद्यापीठात जाण्याआधीची दोन वर्षं मुलं इथे काढतात. प्रयोगशाळेत लांब टेबलं, उंच स्टुलं आणि गजांची एक मोठी खिडकी होती. मला आतून हिरवी बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, लावलेली लाकडी पेटी मिळाली. नवा होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा? मला उन्हात धरलं की भिंतीवर रंगांचा पट्टा पडे आणि मोठी झालेली मुलंसुद्धा घटकाभर लहान होत. त्या पट्ट्यावर हात ठेवून ती आपली बोटं रंगवून घेत. माझ्याभोवती पेन्सिल फिरवून कागदावर त्रिकोण काढत, टाचण्या टोचत, एक डोळा मिटून माझ्यातून बघत. मी अर्धा जागा, अर्धा स्वप्नात.

मग एका शहाण्याने पंख्याखालचे कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवलं. कागद उडाले ते उडालेच, त्यांच्याबरोबर मीही गेलो. कोपरा फुटला. नवे लोलक आले आणि प्रयोगशाळेचं सामान सांभाळणाऱ्या काकांनी माझी पेटी फळीच्या अगदी टोकाला सरकवली. "चालतोय अजून, पण कुणी उरलंच तर," असं ते म्हणत. मला वाईट वाटलं. बनातीवर धूळ बसली, मी झोपून राहिलो, आणि स्वप्नातही मला सगळं जरा बाजूलाच दिसत राहिलं.

उरणारी एक मुलगी त्या वर्षी आली. तिला सगळे डुलकी म्हणत, कारण तासाला ती खिडकीबाहेर बघत बसे आणि नाव घेतलं की दचके. सामान वाटताना ती शेवटी पोचायची, म्हणून मी तिच्या वाट्याला यायचो. पहिल्याच दिवशी तिने मला ओढणीच्या टोकाने नव्हे, धुतलेल्या मऊ रुमालाने पुसलं. तेव्हापासून माझं तिच्यावर मन जडलं.

डुलकीला एकच गोष्ट हवी होती. तिचा मोठा भाऊ, तिचा दादा, लहानपणच्या अपघातानंतर कृत्रिम पायावर चाले. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची त्याची नोकरी होती. "दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी, स्वतःची करायला वेळच नाही," असं तो म्हणायचा. पण तो कृत्रिम पाय त्याला घासायचा. संध्याकाळी तो बहिणीला न्यायला येई आणि जिना न चढता खालीच थांबे. त्याची पावलं मला वरपर्यंत ऐकू येत, एक नेहमीचं आणि एक जड. डुलकीला असे हातपाय बनवण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथे प्रवेशाला भौतिकशास्त्रात साठ गुण लागत. तिला पहिल्या चाचणीत बेचाळीस मिळाले होते, तेही उत्तरं तोंडपाठ करून.

तिला शिकवणाऱ्या मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी तिला सांगितलं होतं, "पाठ करणं सोड. आधी आकृती काढ, मग विचार कर, सूत्र शेवटी." बिचारीने ऐकलं. दुसऱ्या चाचणीत अडतीस आले. तिसरीत तेहतीस.

तिसऱ्या चाचणीचे पेपर हातात मिळाले त्याच दिवशी माझा प्रयोग होता. प्रकाश माझ्यात तिरका शिरतो आणि वळून बाहेर पडतो. तो किती तिरका शिरला आणि किती वळला, हे मोजून आलेख काढायचा असतो. शेजारच्या टेबलावर वर्गातली टापटीप मुलगी होती. ती आधी सुंदर आलेख काढायची आणि मग त्यावर ठिपके बसवायची. तिचं केव्हाच झालं होतं. डुलकीचा आलेख मात्र उतरत उतरत गेला होता आणि मध्येच संपला होता. मॅडम तो बघत उभ्या राहिल्या.

"पुढची मापं कुठं आहेत?"

"एवढीच आहेत, मॅडम. कोन कमीकमी यायला लागला. मला वाटलं प्रिझम सरकला, म्हणून परत पहिल्यापासून केलं. तरी तसंच."

"कमी येतंय म्हणजे चुकतंय, असं कुणी सांगितलं तुला?"

 डुलकीने पिशवीतून चाचणीचा पेपर काढून टेबलावर ठेवला. "हेपण कमीच होतंय. पाठ करत होते तेव्हा निदान बेचाळीस तरी होते. मी आपलं परत पाठच करते, मॅडम. मला साठ हवेत. नाहीतर ते घेणार नाहीत मला."

 माझ्या खरबरीत बाजूवर तिचा अंगठा घट्ट दाबलेला होता. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पेपर सावकाश चाळला.

"बेचाळीस आले तेव्हा तू एकही गणित सोडवलं नव्हतंस. सगळे व्याख्यांचे मार्क. यात दोन सोडवलीस, आणि तिसरं निम्म्यावर राहिलंय."

"पण मार्क कमीच झाले ना."

 मॅडमनी मला उचलून माझ्या पेटीत ठेवलं आणि पेटी तिच्या हातात दिली. "सुट्टीत घरी ने. खिडकीच्या एका गजाकडे यातून बघ आणि हा हळूहळू एकाच बाजूला फिरवत राहा. काय होतं ते मला येऊन सांग. आणि पाडू नकोस, एकदा पडलाय तो."

इतक्या वर्षांत मी प्रथमच त्या खोलीबाहेर पडलो. पिशवीतला अंधार मला भट्टीतल्या झोपेसारखा वाटला. डोळे उघडले ते एका छोट्या स्वयंपाकघरात. दोन खुर्च्या, ओट्यावर उपडी घातलेली भांडी, गजांच्या खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. आई अजून कामावरून यायची होती. दादाने पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तो गुडघ्याखालची लाल झालेली जागा चोळत बसला होता.

"तुझ्या मार्कांपेक्षा माझा पाय बरा चालतो," तो म्हणाला.

"गप रे, मला गज सापडू दे."

गज सापडायला वेळ लागला, कारण माझ्यातून तो सरळ समोर दिसत नाही. शेवटी तिने मान जरा बाजूला वळवली आणि तो सापडला, निळ्या-तांबड्या काठाचा. तिने मला फिरवायला सुरुवात केली. गज खऱ्या गजाकडे सरकू लागला, म्हणजे वळण्याचा कोन कमी होऊ लागला. सरकता सरकता त्याचा वेग मंदावला. मग तो थांबला. तिचाही हात थांबला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"अडकला."

"मग फिरव की. मॅडमनी थांब म्हटलंय का?"

तिने श्वास धरून मला त्याच बाजूला आणखी थोडं फिरवलं. आणि गज, मित्रांनो, परत निघाला. ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने, कोन पुन्हा वाढवत.

"परत येतोय," ती हळूच म्हणाली.

"तू उलटा फिरवलास ना?"

"नाही रे. त्याच बाजूला फिरवतेय."

"मग आपोआप कसा आला परत?"

"आपोआप नाही आला. मी फिरवत राहिले म्हणून..." आणि ती बोलता बोलता थांबली. मी तिच्या डोळ्याशीच होतो. तो डोळा भरून आला आणि गज, खिडकी, दादा, सगळंच विरघळल्यासारखं झालं. दादाला वाटलं तिच्या डोळ्यात काही गेलं. मला मात्र ती का रडते आहे ते समजलं, आणि आपण फुटलो तेव्हा पूर्ण फुटलो नाही याचा फार आनंद झाला.

सुट्टीभर मी त्या ओट्यावर होतो. डुलकी चुकलेली गणितं पुस्तक मिटून पुन्हा करायची. अडलं की दादाला समोर बसवून समजावून सांगायची. तो मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायचा आणि त्यांची उत्तरं शोधताना तिलाच उलगडा व्हायचा. पाण्याच्या पेल्यात चमचा वाकडा का दिसतो, हे त्या घरात आईलाही नीट सांगता येऊ लागलं. पाठ करायचा मोह तिला अधूनमधून व्हायचाच. तेव्हा ती मला उचलून एकदा गजाकडे बघायची आणि परत आकृती काढायला बसायची.

पुढच्या चाचणीत सत्तेचाळीस आले. काही फार नव्हते, पण ते खाली गेले नव्हते. वर्षाअखेरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्या वाट्याला माझाच प्रयोग आला. काकांनी नवा लोलक पुढे केला, तर ती म्हणाली, "काका, तो टवका गेलेला द्या ना." बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी थांबले. "मापं भरपूर झाली की. आता पुरे करा."

"सर, आलेख अजून वर वळला नाहीये," ती म्हणाली. "आणखी दोन-तीन घेते."

निकालाच्या दिवशी काकांनी फळी झाडता झाडता मोठ्याने सांगितलं, बहुधा मलाच. "आपल्या डुलकीला चौसष्ट." नंतर ती हातपाय बनवायचं शिकायला निघून गेली. तसं सगळेच जातात, मी कुणाला नावं ठेवत नाही. पेटीचं झाकण लागलं आणि मी पुन्हा माझ्या झोपेत शिरलो. किती काळ गेला, मला सांगता यायचं नाही. काचेला काळ कळत नाही.

आता तुमच्याजवळ एक मागणं आहे, मित्रांनो. आम्हाला कागदांवर वजन म्हणून ठेवू नका, मऊ फडक्याने पुसा आणि आमच्यातून नुसते रंग बघून ठेवून देऊ नका. कोपरा फुटलेला असला तरी मधून प्रकाश नीट जातो. जरा वेळ हातात धरा आणि फिरवून बघा.

हे सगळं मला परवा पुन्हा आठवलं. जिन्यावर दोघांची पावलं वाजली. मी कान दिला, पण ओळखीची वाटली नाहीत. दोघांचीही सारखी, हलकी. दार उघडलं. पिकल्या केसांचे काका उठून उभे राहिले, आणि तेव्हा मला डुलकी दिसली. तिच्याशेजारी दादा उभा होता, दुसऱ्या मजल्यावर.

"कुठाय तो तुटका?" तो म्हणाला. चढून आल्याने त्याला धाप लागली होती, तेवढीच.

तिने मला पुसून त्याच्या हातात दिलं. तो खिडकीसमोर दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला आणि मला फिरवू लागला.

"थांबला," तो म्हणाला.

"फिरवत राहा," डुलकी म्हणाली.